खर्जाचा आधार

वाद्यमेळ ऐकतांना आपलें लक्ष गायकाकडे जातें; खालच्या स्वरांत वाजणाऱ्या वाद्याकडे सहसा जात नाहीं. परंतु तें थांबलें, तर सारें संगीत निराधार भासतें. तंबोऱ्यांत जें स्थान खर्जाच्या तारेचें, तेंच पाश्चात्य मेळांत ‘बास’चें होय.

तार जितकी लांब, जाड व सैल, तितकीं तिचीं कंपनें कमी आणि स्वर खोल. म्हणूनच पूर्वीचें बास-वाद्य माणसाएवढें उंच असे. १९५१ सालीं अमेरिकेंत लिओ फेंडर यांनीं ‘प्रिसिजन बास’ हें विजेचें वाद्य आणलें. त्याच्या पोलादी तारांखालीं लोहचुंबक व तांब्याच्या तारेचें वेटोळें असतें. तार हलली कीं वेटोळ्यांत क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. ध्वनिवर्धक तो मोठा करतो. त्याची सर्वांत जाड तार सेकंदास सुमारें ४१ वेळां कंप पावते. १९६० नंतरच्या दणदणीत रॉक संगीताला अशाच वाद्यांनीं पाया दिला. त्या काळचीं वाद्यें आज संग्राहक भारी किंमत देऊन घेतात.

पण किंमती वाद्यावांचून अडतेंच असें नाहीं. पांचगणीच्या सेंट पीटर्स शाळेंत १९५८ च्या सुमारास पांच विद्यार्थ्यांनीं ‘द हेक्टिक्स’ हा मेळ काढला. पियानोवर होते फरोख बुलसारा, म्हणजे पुढें ‘क्वीन’ मेळाचे जगप्रसिद्ध गायक फ्रेडी मर्क्युरी. बास मात्र चहाच्या रिकाम्या खोक्याचा! अशा वाद्यांत काठी ओढली कीं तार ताणली जाऊन स्वर चढतो, व खोकें तो घुमवितें.

विद्यार्थिमित्रहो, नियम सर्वत्र एकच आहे. डबा, काठी व दोरी घेऊन तो घरीं अवश्य पडताळून पहा. आणि पालकांनींहि तेवढा घुमघुमाट गोड मानून घ्यावा.