गटाचा ड्रोन शहरात न्यायचा तर

मध्यंतरी एका बचत गटाच्या ताई आमच्याकडे आल्या होत्या. गटाला फवारणीचा ड्रोन मिळालाय, उसाचं आणि द्राक्षाचं काम चालू आहे. त्यांना शहरातून फोन आला होता, की आमच्या लग्नात वऱ्हाडावर वरून गुलाबपाणी शिंपडाल का? पैसेही बरे देत होते. ताईंनी विचारलं, जावं का?

आम्ही आधी एवढंच विचारलं, की त्या टाकीत काल काय होतं? बुरशीनाशक! मग गुलाबपाण्याचा विषय तिथंच संपला. टाकी आणि नोझल कितीही धुतलं तरी ते माणसांच्या अंगावर उडवायचं नाही. पण शहरातलं दुसरं काम आलं तर काय, हा प्रश्न उरतोच. म्हणून आज त्याबद्दल बोलू.

देशात २५ ऑगस्ट २०२१ पासून ड्रोन नियम लागू आहेत. त्यात शहराला एक नियम आणि खेड्याला दुसरा असं नाही. फरक पडतो तो नकाशामुळं. 'डिजिटल स्काय' या सरकारी संकेतस्थळावर हा नकाशा आहे आणि त्यात हिरवा, पिवळा, लाल असे भाग आहेत. हिरव्या भागात जमिनीपासून ४०० फुटांपर्यंत उडवायला वेगळी परवानगी लागत नाही. पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते, लाल भागात केंद्र सरकारची. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात हिरवा भाग २०० फुटांपर्यंतच असतो. कराडला विमानतळ आहे, तेव्हा त्या बाजूच्या गटांनी काम घेण्याआधीच नकाशा बघावा.

हा नकाशा बदलतो. पालखी असो, मोठी सभा असो, पोलीस एखादा भाग ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल जाहीर करू शकतात. म्हणून परवा बघितलेलं आज चालत नाही. उडवायच्या दिवशी सकाळी पुन्हा बघायचं. गर्दीच्या जागी पोलीस ठाण्यातही विचारून घ्यावं, त्यात कमीपणा नाही.

आता वजन. नियमात ड्रोनचं वजन धरतात ते वरच्या सामानासकट, म्हणजे भरलेली टाकी किंवा कॅमेरा धरून. फवारणीचे बहुतेक ड्रोन २ ते २५ किलोच्या वर्गात बसतात. लग्नात फोटो काढणारा बारका ड्रोन २५० ग्रॅमच्या आत असेल तर चालवणाऱ्याला प्रमाणपत्र लागत नाही. पण त्यालाच वर काही जोडलं, वजन २५० ग्रॅमच्या पुढं गेलं आणि काम पैशाचं असलं, की प्रमाणपत्र लागतं.

खरी अडचण होते ती या प्रमाणपत्राचीच. 'नमो ड्रोन दीदी' योजनेत ड्रोनच्या किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख रुपये सरकार देतं. उरलेली रक्कम गटाची, बहुधा कर्जाची. प्रशिक्षण घेऊन पायलट होते ती गटातली एक बाई. मग एखाद्या दिवशी ती आजारी असते, बागायतदार घाई करतो, आणि घरातला दीर नाहीतर मुलगा म्हणतो, "आण इकडं रिमोट, त्यात काय एवढं?" मैत्रिणींनो, द्यायचा नाही! प्रमाणपत्र तिच्या नावचं आहे, घराच्या नावचं नाही. नियम मोडला तर एक लाखापर्यंत दंड आहे, आणि काही नुकसान झालं तर विमा कंपनीला पैसे नाकारायला आयतं कारण मिळतं. हप्ते मात्र गटालाच भरायचे असतात.

त्यापेक्षा गटातली दुसरी बाई तयार करा. वय १८ ते ६५, शिक्षण दहावी पास, आणि मान्यताप्राप्त संस्थेतलं प्रशिक्षण, एवढं लागतं. पूर्वी पासपोर्ट मागायचे आणि तिथंच आपल्या बायका अडायच्या. २०२३ पासून मतदार ओळखपत्र, रेशन कार्ड किंवा वाहन परवाना चालतो. प्रमाणपत्र दहा वर्षं टिकतं.

ड्रोनचा स्वतःचा नोंदणी क्रमांक असतो, गाडीच्या नंबरासारखा. दुसऱ्याच्या नुकसानीचा विमाही लागतो. योजनेतल्या ड्रोनला पहिल्या वर्षाचा विमा सोबत येतो. दुसऱ्या वर्षी तो भरायची आठवण कुणी करून देत नाही, म्हणून गटाच्या वहीत तारीख लिहून ठेवा. अपघात झालाच तर ४८ तासांच्या आत कळवावं लागतं.

शहराला लागून असलेल्या शेतात फवारणी असेल तर आणखी एक काळजी घ्या. हल्ली बांधाला बांध लागून घरं झालीत, वाळत घातलेले कपडे, पाण्याच्या उघड्या टाक्या असतात. निदान २४ तास आधी ग्रामपंचायतीला आणि शेजाऱ्यांना कळवायचं. वारा मोजायचं यंत्र ड्रोनच्या पेटीतच मिळतं, ते पेटीत ठेवू नका.

त्या ताईंनी लग्नवाल्यांना नाही म्हणून कळवलं. त्याच शहराच्या कडेला एक द्राक्षबाग त्यांनी घेतलीय, ती नकाशात हिरव्या भागात येते. दुसऱ्या सुनेचा प्रशिक्षणाचा अर्जही भरून झालाय.