मिठाच्या व्यापारावर उभे राहिलेले टालिन

एस्टोनियाची राजधानी टालिन मध्ययुगात एक नव्हे, दोन गावे होती. तूमपेआ टेकडीवर सरदार आणि बिशप राहत, पायथ्याशी व्यापारी आणि कारागीर. दोहोंमध्ये तटबंदी होती, कायदेही वेगळे होते. डेन्मार्कचा राजा दुसरा वाल्देमार याने १२१९ मध्ये ही टेकडी जिंकली. खालच्या गावाला १२४८ मध्ये ल्युबेक शहराचा कायदा मिळाला आणि पुढे ते हान्सा या व्यापारी संघात सामील झाले. वर जाणाऱ्या दोन वाटांना लोक आजही ‘लांब पाय’ आणि ‘आखूड पाय’ म्हणतात.

खालच्या गावाची श्रीमंती प्रामुख्याने मिठाची. पश्चिमेकडून जहाजांनी आलेले मीठ इथून रशियातील नोव्हगोरोडकडे जाई, तिकडून फर आणि मेण येई. ही उलाढाल घरांवरच दिसते. व्यापारी खालच्या मजल्यावर राहत, वर कोठार असे. उंच त्रिकोणी दर्शनी भिंतीतून बाहेर आलेल्या तुळईला दोर बांधून माल वर ओढत. रस्त्याने जाताना मान वर करून या तुळया शोधाव्यात, त्यांच्यामुळे गाव बोलू लागते.

चौकातले गॉथिक नगरभवन १४०४ मध्ये पूर्ण झाले. समोरच्या औषधालयाचा उल्लेख १४२२ च्या नोंदींत सापडतो आणि तिथे आजही औषधे मिळतात. ओलेविस्ते चर्चचा मनोरा सुमारे १२४ मीटर उंच आहे. अरुंद दगडी जिना चढून गेले की तांबडी कौले, तटाचे बुरूज आणि पलीकडचा समुद्र एका नजरेत येतो.

इतके जुने टिकले कसे? सोळाव्या शतकातील युद्धांनंतर व्यापार आटला. जुनी घरे पाडून नवी बांधण्याइतका पैसा फारसा कोणाकडे उरला नाही. नुकसान मात्र पुढे झाले. ९ मार्च १९४४ रोजी सोव्हिएत विमानांच्या बॉम्बवर्षावात हार्यू रस्त्यावरची घरे उद्ध्वस्त झाली आणि निगुलिस्ते चर्च जळाले. दुरुस्तीनंतर ते संग्रहालय झाले. बेर्न्ट नोत्केच्या ‘मृत्युनृत्य’ या चित्राचा उरलेला सुमारे साडेसात मीटरचा भाग तिथे आहे. पोपपासून राजापर्यंत सगळ्यांचा हात धरून नाचणारे सांगाडे पाहायला थोडा वेळ राखून ठेवावाच. १९९७ मध्ये युनेस्कोने जुन्या शहराला जागतिक वारसा स्थळाचा दर्जा दिला.

हेलसिंकीहून बोटीने सुमारे दोन तासांत टालिन गाठता येते. जुने शहर पायीच पाहण्याजोगे आहे, पण फरशीचे दगड ओबडधोबड असल्याने बूट मजबूत हवेत. उन्हाळ्यात पर्यटक जहाजे लागली की चौक गजबजतो, म्हणून सकाळी लवकर निघणे उत्तम.