वाहन उद्योगातील प्रकल्प व्यवस्थापन : करिअरची वाट आणि महाविद्यालयांची जबाबदारी

सारांश : वाहन उद्योगातील प्रकल्प व्यवस्थापकाचे पद पदवीपाठोपाठ मिळत नाही; ते अनुभवातून घडते. हा अनुभव कोणत्या कामांतून मिळतो, त्यामागे कोणत्या कार्यपद्धती असतात आणि त्याची पूर्वतयारी महाविद्यालयात कशी करून घेता येईल, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : वाहन उद्योग, प्रकल्प व्यवस्थापन, पुरवठादार विकास, अंतिम वर्षाचा प्रकल्प.

१. प्रस्तावना

पिंपरी, आकुर्डी, भोसरी आणि चाकण हा पट्टा महाराष्ट्रातील वाहन उद्योगाचा कणा आहे. वाहन बनविणारे मोठे कारखाने आणि त्यांना सुटे भाग पुरविणारे लहान-मोठे उद्योग येथे शेजारी शेजारी उभे आहेत. वाहनांची चाचणी व प्रमाणीकरण करणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्थाही १९६६ पासून पुण्यात आहे. आपल्या महाविद्यालयांतील असंख्य विद्यार्थी या पट्ट्यात प्रशिक्षणार्थी म्हणून दाखल होतात. त्यांपैकी काही जण पुढे संपूर्ण प्रकल्पाची धुरा सांभाळतात, तर तितक्याच बुद्धीचे अनेक जण वर्षानुवर्षे त्याच यंत्रापाशी राहतात. हा फरक केवळ गुणपत्रिकेतून स्पष्ट होत नाही. म्हणूनच ही वाट नेमकी कशी आहे, हे अध्यापकांनी समजून घेणे आवश्यक ठरते.

२. कामाचे स्वरूप

उत्पादन म्हणजे तेच काम दररोज अचूक करणे, तर प्रकल्प म्हणजे पूर्वी न झालेले काम ठरलेल्या तारखेस, ठरलेल्या खर्चात व ठरलेल्या गुणवत्तेने एकदाच पूर्ण करणे. एका वाहनात हजारो भाग असतात आणि त्यांपैकी एक भाग जरी वेळेवर आला नाही तरी जुळणी खोळंबते. आराखडा, खरेदी, गुणवत्ता, उत्पादन व वित्त या विभागांची माणसे प्रकल्प व्यवस्थापकाच्या थेट हाताखाली बहुधा नसतात. तरीही तारखेचा जाब मात्र त्यालाच विचारला जातो. अधिकार कमी आणि उत्तरदायित्व अधिक, हे या पदाचे मूळ लक्षण होय.

एक साधे उदाहरण घेऊ. वाहनाच्या अंतर्भागातील प्लास्टिकचा एखादा भाग तयार करावयाचा आहे. प्रथम रेखाचित्र निश्चित होते, मग पोलादी साचा बनतो, साच्यातून चाचणीचे नग काढले जातात, त्यांची मोजमापे घेतली जातात, साच्यात दुरुस्त्या होतात आणि शेवटी नग मंजुरीसाठी सादर होतात. रेखाचित्र कागदावर असताना केलेला बदल स्वस्त असतो. साचा कापून झाल्यावर तोच बदल करावयाचा म्हटला की कित्येक आठवडे आणि मोठी रक्कम खर्ची पडते. त्यामुळे अडचण लवकर ओळखणे आणि ती लवकर सांगणे यातच प्रकल्प व्यवस्थापकाचे खरे कौशल्य असते.

३. कार्यपद्धतीची चौकट

हे कौशल्य व्यक्तीच्या मर्जीवर राहू नये यासाठी उद्योगाने काही पद्धती रूढ केल्या आहेत. क्रायस्लर, फोर्ड व जनरल मोटर्स या अमेरिकन कंपन्यांच्या पुढाकाराने १९९४ मध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड प्रॉडक्ट क्वालिटी प्लॅनिंग’ म्हणजे एपीक्यूपी ही मार्गदर्शिका प्रसिद्ध झाली. तीमध्ये नियोजन, उत्पादनाचा आराखडा, प्रक्रियेचा आराखडा, प्रत्यक्ष पडताळणी आणि प्रतिसाद व सुधारणा असे पाच टप्पे सांगितले आहेत. पुरवठादाराचा भाग मंजूर करण्यासाठी पीपीएपी, तर संभाव्य दोषांचा आधीच विचार करण्यासाठी एफएमईए ही पद्धत वापरली जाते. २०१६ मध्ये आयएटीएफ १६९४९ हे गुणवत्ता मानक लागू झाल्यानंतरही या पद्धतींचे महत्त्व कायम राहिले आहे.

तारखेची कठोरता भारत स्टेज ६ या उत्सर्जन मानकाने सर्वांना दाखवून दिली. पाचवा टप्पा वगळून थेट सहाव्या टप्प्यावर जाण्याचा निर्णय शासनाने जानेवारी २०१६ मध्ये जाहीर केला. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ४ ची वाहने विकता वा नोंदविता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये स्पष्ट केले. इंजिन, इंधनप्रणाली, धूरशुद्धीकरण यंत्रणा आणि त्यांचे पुरवठादार या साऱ्यांचे वेळापत्रक त्या एका तारखेपासून मागे मोजत आखावे लागले.

४. एक उद्बोधक उदाहरण

मे २००५ मध्ये बाजारात आलेले टाटा एस हे छोटे मालवाहू वाहन या दृष्टीने अभ्यसनीय आहे. या प्रकल्पाचे नेतृत्व गिरीश वाघ यांनी केले. पुण्यात यांत्रिकी अभियांत्रिकीची पदवी घेतलेले वाघ १९९२ मध्ये तत्कालीन टेल्कोत रुजू झाले होते. त्यांच्या चमूने तीनचाकी मालवाहू वाहने चालविणाऱ्यांशी बोलून त्यांच्या गरजा समजून घेतल्या. किंमत मर्यादेत राहावी म्हणून इंडिकाच्या चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनावरून दोन सिलिंडरचे इंजिन विकसित करण्यात आले. पुढे नॅनो प्रकल्पाची धुराही वाघ यांच्याकडे आली आणि कालांतराने ते कंपनीचे कार्यकारी संचालक झाले. ग्राहक, खर्च व तंत्र यांचा एकत्रित विचार करणारा अभियंता कोठवर जाऊ शकतो, याचा हा पुरावा होय.

५. करिअरच्या पायऱ्या

सामान्यतः सुरुवात उत्पादन, गुणवत्ता किंवा पुरवठादार विकास विभागातून होते. त्यानंतर नवीन उत्पादन विकास विभागात एखाद्या भागाची, पुढे भागांच्या एका गटाची आणि अखेरीस संपूर्ण प्रकल्पाची जबाबदारी येते. लहान पुरवठादाराकडे नोकरी करणे कमीपणाचे मानले जाते. परंतु तेथे मनुष्यबळ कमी असल्याने चौकशीपत्रापासून मंजुरीपर्यंतचा संपूर्ण प्रवास एकाच अभियंत्याला पाहावयास मिळतो. शॉप फ्लोअरवरील कामगाराशी मराठीत मोकळेपणाने बोलता येणे हेही मोठे भांडवल आहे. मात्र त्याच्या जोडीला स्पष्ट इंग्रजीत अहवाल लिहिता यावयास हवा.

प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटच्या पीएमपी प्रमाणपत्रासाठी चार वर्षांची पदवी असलेल्यांना ३६ महिन्यांचा प्रकल्प नेतृत्वाचा अनुभव आणि ३५ तासांचे प्रशिक्षण लागते. याचा अर्थ प्रमाणपत्र अनुभवाला जोड देते. अनुभवाची जागा घेत नाही. पदवी हाती पडताच महागड्या वर्गांकडे धावणाऱ्या विद्यार्थ्यांना हे सांगणे अध्यापकांचे कर्तव्य आहे.

६. महाविद्यालयांनी काय करावे?

अंतिम वर्षाचा ‘प्रकल्प’ हा विद्यार्थ्याचा या क्षेत्राशी येणारा पहिला संबंध असतो. परंतु अनेकदा वर्षभर फारसे काही न होता शेवटच्या महिन्यात सुबक बांधणीचा अहवाल सादर होतो. त्यात कोठेही उशीर झाल्याची नोंद नसते आणि बदललेल्या निर्णयाचे कारणही नसते. अडचण झाकावी, हाच संस्कार यातून होतो. उद्योगाला नेमके याच्या उलट हवे असते.

यावर तीन उपाय सुचवावेसे वाटतात. पहिला, आरंभीच वेळापत्रक व खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा आणि दर पंधरवड्यास त्याचा आढावा घ्यावा. दुसरा, वर्षाच्या मध्यावर मार्गदर्शकाने एखादी अट जाणीवपूर्वक बदलावी व विद्यार्थी तिला कसे सामोरे जातात ते पाहावे. तिसरा, विलंबाची प्रामाणिक नोंद व कारणमीमांसा यांना स्वतंत्र गुण द्यावेत. खर्चाच्या मांडणीसाठी वाणिज्य शाखेचे विद्यार्थी गटात घेतल्यास उपक्रमाला खऱ्या अर्थाने आंतरविद्याशाखीय रूप येईल. यासाठी नवीन प्रयोगशाळा वा निधी लागत नाही. मूल्यमापनाची दृष्टी मात्र बदलावी लागते.

७. समारोप

वाहन उद्योगातील प्रकल्प व्यवस्थापन हे तंत्र, खर्च आणि माणसे यांचा मेळ घालण्याचे काम आहे. विद्युत वाहनांमुळे भाग व पुरवठादार बदलत असले तरी हा मेळ घालण्याची गरज कमी होणारी नाही. “सर, काम मागे पडले आहे आणि त्याचे कारण हे आहे,” असे निर्भयपणे सांगणारा विद्यार्थी ज्या वर्गात तयार होईल, त्या वर्गाने एका भावी प्रकल्प व्यवस्थापकाची पायाभरणी केली असे म्हणता येईल.