घरी गाडी चार्ज करताय? आधी अर्थिंग तपासा

परवा तुळजापुरात एका घरी खिडकीतून एक्स्टेन्शन काढून इलेक्ट्रिक कार चार्जिंगला लावलेली दिसली. प्लग चांगलाच तापला होता.

वायरमन म्हणून कळकळीनं सांगतो, असं करू नका. कारचा पोर्टेबल चार्जर बहुधा ३.३ किलोवॅटचा असतो. म्हणजे १४-१५ अँपिअर करंट, तोही तासन् तास!

मुख्य बोर्डापासून स्वतंत्र लाइन ओढा. ४ चौरस मिमी तांब्याची वायर, १६ अँपिअरचं दर्जेदार सॉकेट, एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी हवीच.

सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे अर्थिंग. आपल्या धाराशिवकडं उन्हाळ्यात जमीन कोरडीठाक पडते आणि अर्थिंग कमजोर होतं. खड्ड्यात पाणी घालत राहा, अर्थ टेस्टरनं मोजून घ्या.

मंजूर भार कमी असेल तर महावितरणकडं वाढीव भाराचा अर्ज करा.

काही शंका असेल तर कमेंटमध्ये विचारा, नक्की सांगतो.