'सूत्री विभाजन' या संज्ञेचा अर्थ व उगम

'मायटोसिस' ही संज्ञा विद्यार्थ्यांस शालेय स्तरावरच भेटते. तिचा अर्थ विचारला असता 'एका पेशीपासून दोन समान पेशी तयार होणे' असे उत्तर बहुधा मिळते. हे उत्तर प्रक्रियेचे फलित सांगते, संज्ञेचा अर्थ सांगत नाही. मूळ शब्दात पेशीही नाही, विभाजनही नाही आणि समानताही नाही. त्यात आहे तो केवळ धागा. ग्रीक भाषेत 'मितोस' म्हणजे धागा, विशेषतः मागावरील ताण्याचा धागा; तर 'ओसिस' हा प्रत्यय क्रिया अथवा अवस्था दर्शवितो.

ही संज्ञा जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ वाल्थर फ्लेमिंग (१८४३–१९०५) यांनी १८८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात रूढ केली. (पेनिसिलिनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग हे निराळे.) कील विद्यापीठात काम करताना त्यांनी सॅलमँडर या उभयचर प्राण्याच्या डिंभातील पेशी अभ्यासासाठी निवडल्या, कारण त्यांची केंद्रके मोठी असतात. त्या काळी नव्याने उपलब्ध झालेल्या कृत्रिम रंगांनी केंद्रकातील एक द्रव्य गडद रंगत असे. त्यास त्यांनी 'क्रोमॅटिन' असे नाव दिले. विभाजनाच्या वेळी हेच द्रव्य धाग्यांच्या रूपाने दिसू लागते, धागे आखूड व जाड होतात, प्रत्येक धागा उभा चिरला जातो आणि त्याचे दोन भाग परस्परविरुद्ध टोकांकडे जातात, हा क्रम त्यांनी लावला. 'क्रोमोसोम' हा शब्द तेव्हा अस्तित्वात नव्हता. तो वाल्डेयर यांनी १८८८ मध्ये सुचविला. साहजिकच सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसले, त्याचेच नाव प्रक्रियेस मिळाले.

धागा उभा चिरला जातो, ही बाब वरवर किरकोळ वाटते. तथापि सर्व मर्म तिच्यातच आहे. धागा आडवा तुटला असता तर एका पेशीस एक तुकडा व दुसरीस वेगळाच तुकडा मिळाला असता. दुपदरी सुताचे पदर सुटे करावेत त्याप्रमाणे तो उभा विभागला जात असल्याने त्याच्या संपूर्ण लांबीतील प्रत्येक अंश दोन्ही बाजूंस पोहोचतो. विल्हेल्म रू यांनी १८८३ मध्ये या मुद्द्याकडे लक्ष वेधले होते.

काटेकोरपणे पाहता ही संज्ञा केंद्रकाच्या विभाजनापुरतीच आहे. पेशीद्रव्याचे विभाजन ही स्वतंत्र क्रिया होय. शहाळ्याचे पाणी हे याचे परिचित उदाहरण. तो नारळाचा द्रवरूप भ्रूणपोष असून त्यात केंद्रके पुनःपुन्हा विभागतात, परंतु त्यांच्यामध्ये पेशीभित्ती लगेच तयार होत नाहीत. म्हणजे मायटोसिस घडते, पेशी मात्र विभागत नाही.

मराठीत या प्रक्रियेस 'सूत्री विभाजन' व 'समविभाजन' असे दोन पर्याय आढळतात. दुसरा पर्याय सुबोध असला तरी तो फलितावर बेतलेला आहे. 'सूत्री' हा शब्द मुळातील धागा जपतो, म्हणून तो अधिक समर्पक म्हणावा लागेल. अडचण एवढीच, की गणित व रसायनशास्त्रामुळे विद्यार्थ्याच्या मनात 'सूत्र' म्हणजे नियम किंवा मांडणी हाच अर्थ ठसलेला असतो. धागा हा अर्थ एकदा सांगितला, की 'असूत्री विभाजन' ही संज्ञाही आपोआप उलगडते: विभाजन होते, पण धागे दिसत नाहीत. पॅरामेशियमचे मोठे केंद्रक असे विभागते. त्याच पेशीतील लहान केंद्रक मात्र सूत्री पद्धतीने.

'मायोसिस'ची कथा वेगळी आहे. फार्मर व मूर यांनी १९०५ मध्ये घडविलेल्या या संज्ञेचा ग्रीक अर्थ 'घटणे' असा असून तिच्यात धाग्याचा मागमूसही नाही. मराठीने 'अर्धसूत्री विभाजन' म्हणून तो धागा त्यात आणला. त्यामुळे दोन्ही संज्ञांचे नाते दिसते हे खरे. परंतु 'अर्धवट राहिलेले सूत्री विभाजन' असा गैरसमजही संभवतो. निम्मी होते ती गुणसूत्रांची संख्या. मानवात ४६ ची २३. पाठ्यपुस्तकांतील 'अर्धगुणसूत्री' हा पर्याय उच्चारास जड असला तरी या दृष्टीने निःसंदिग्ध आहे.

'मितोस' हा शब्द आणखी एका परिचित संज्ञेत दडलेला आहे. कार्ल बेंडा यांनी १८९८ मध्ये 'मायटोकाँड्रिया' हे नाव दिले, ते धागा व कण या दोन ग्रीक शब्दांपासून. मराठीत त्यास 'तंतुकणिका' म्हणतात. भाषांतर अचूक आहे; मात्र एकाच ग्रीक शब्दासाठी एकीकडे 'सूत्र' व दुसरीकडे 'तंतू' योजल्याने ग्रीकमध्ये उघड दिसणारे या दोन संज्ञांचे नाते मराठी वाचकाच्या नजरेस येत नाही.