नेटवर्क ड्रायव्हरमधील लॉकांचा क्रम आणि इंटरप्ट

लिनक्स कर्नेलमधील नेटवर्क ड्रायव्हरचे काम वरवर पाहता सोपे दिसते. वरून आलेले पॅकेट यंत्राच्या स्वाधीन करावयाचे आणि यंत्राकडे आलेले वर पोचवावयाचे. परंतु ही दोन्ही कामे एकाच वेळी निरनिराळ्या प्रोसेसरांवर चालू शकतात. म्हणून सामाईक नोंदींचे रक्षण स्पिनलॉकने करावे लागते. असा लॉक दुसऱ्याकडे असल्यास तो मागणारा प्रोसेसर जागच्या जागी घिरट्या घालीत राहतो. अनर्थाचे मूळ येथेच आहे.

ड्रायव्हरने स्वतःचा लॉक घेतला असता त्याच प्रोसेसरवर इंटरप्ट आला आणि हॅन्डलरनेही तोच लॉक मागितला, तर हॅन्डलर लॉक सुटण्याची वाट पाहतो आणि लॉक धरणारा हॅन्डलर संपण्याची. म्हणून लॉक धरताना त्या प्रोसेसरवरील इंटरप्ट बंद ठेवावे लागतात. मात्र काम संपताच ते सरसकट चालू करणे चूक होय. पूर्वीची स्थिती जतन करून तीच परत आणली पाहिजे. पॅकेट पाठविण्याचे फंक्शन बहुधा इंटरप्ट चालू असताना बोलाविले जाते. पण नेटकन्सोल तेच फंक्शन इंटरप्ट बंद ठेवून बोलावितो, हे विसरले जाते.

लॉक दोन झाले की क्रमाचा प्रश्न येतो. हॅवेंडर यांनी 1968 मध्येच सुचविले होते की, सर्व साधने एका ठराविक क्रमाने मागितली तर कोंडी होत नाही. तत्त्व निर्विवाद आहे. पण इंटरप्टमुळे त्याला एक गुंतागुंत चिकटते. समजा, एका ड्रायव्हरचा पुनःस्थापनेचा भाग आधी खाजगी लॉक व मग कर्नेलचा प्रेषण-लॉक घेतो. उलटा क्रम कोठेही लिहिलेला नाही. पहिल्या प्रोसेसरने पॅकेट पाठविण्यासाठी प्रेषण-लॉक धरला आहे. तेथे इंटरप्ट चालू आहेत. दुसऱ्याने खाजगी लॉक धरला असून तो प्रेषण-लॉकासाठी थांबला आहे. इतक्यात पहिल्यावर इंटरप्ट येतो आणि हॅन्डलर खाजगी लॉक मागतो. कोंडी पूर्ण झाली! लिहिताना जो उलटा क्रम कोणी योजिला नव्हता, तो इंटरप्टने घडवून आणिला. तेव्हा नियम असा की, हॅन्डलर जो लॉक घेतो तो हाती असताना, इंटरप्ट चालू ठेवून कोठेही धरला जाणारा दुसरा लॉक मागू नये.

असा योग महिनोन्महिने येत नाही. म्हणून केवळ चाचणीवर विसंबणे धोक्याचे. 2006 साली 2.6.18 या आवृत्तीत आलेली, इंगो मोल्नार यांची लॉकडेप ही योजना प्रत्येक लॉकवर्गाचा क्रम व इंटरप्टची स्थिती नोंदविते. साखळीतील दुवे वेगवेगळ्या वेळी एकेकदा दिसले तरी ती इशारा देते. प्रत्यक्ष कोंडी व्हावीच लागत नाही. न चाललेली वाट मात्र तिलाही दिसत नाही.

नापी पद्धतीत हॅन्डलर यंत्राचे इंटरप्ट थांबवून पुढील काम पोल फंक्शनाकडे सोपवितो; त्यामुळे हॅन्डलरला खाजगी लॉक घेण्याचे कारण पुष्कळदा उरत नाही. परंतु ड्रायव्हर बंद करताना पोल थांबेपर्यंत वाट पाहावी लागते, आणि ती पाहताना झोपावे लागण्याचा संभव असल्याने त्या वेळी कोणताही स्पिनलॉक हाती असून चालत नाही.