ब्रेकचं रबर आणि कार्बनची चाकं : ‘चांगलं’ म्हणजे कशासाठी चांगलं?



आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल की पत्रिका छापणाऱ्याची चूक झाली. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस सायकलच्या ब्रेकवर काय बोलणार? संयोजकांनाही हाच प्रश्न पडला होता. पण चूक छापणाऱ्याची नाही, माझीच आहे. ती कोणती, ते आधी सांगतो, मग विषयाकडे वळू.

माझी नात पुण्याला शिकते. सायकलिंगचं वेड. आता हे वेड महाराष्ट्रात नवं राहिलेलं नाही. २०१५ साली नाशिकच्या डॉक्टर महाजन बंधूंनी अमेरिका आडवी पार करणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ दोघांच्या गटात पूर्ण केली. २०१७ साली आपल्या नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी तीच शर्यत एकट्यानं पूर्ण केली. तेव्हापासून विदर्भातली पोरं सायकलकडे वेगळ्या नजरेनं पाहायला लागली. तर नातीनं जुन्या बाजारातून कार्बनची चाकं घेतली. नवी घ्यायची तर डोळे पांढरे होतात, जुनी स्वस्तात मिळाली. स्वस्तात का मिळाली, ते पुढे सांगतो.

दिवाळीत ती वाशीमला आली. मित्रमैत्रिणींबरोबर चिखलदरा चढून उतरायचा बेत होता. तिच्या आधीच्या ॲल्युमिनियमच्या चाकांवरचे ब्रेक पॅड अर्धेअधिक शिल्लक होते. तिनं मला विचारलं, “आजोबा, हेच पॅड कार्बनवर चालतील का?” मी पेपर वाचत होतो. मान वर न करता म्हणालो, “अगं, ब्रेक म्हणजे ब्रेक. चांगले आहेत ना? मग टाकून कशाला द्यायचे?”

उतारावर, परतवाडा थोडंच उरलेलं असताना, पुढच्या चाकातून आधी खरखर, मग जळल्याचा वास, आणि मग ट्यूब फुटली. नशीब असं की ती दरीच्या बाजूला गेली नाही, डोंगराच्या बाजूला घसरली. कोपर आणि गुडघा सोलवटला, चाक कायमचं गेलं. मी खाली परतवाड्याला गाडीत बसून वाट पाहत होतो. तो फोन आला तेव्हाची माझी अवस्था इथे सांगत बसत नाही.

नंतर ते चाक घेऊन मी आमच्या नेहमीच्या सायकलवाल्याकडे गेलो. म्हटलं, “अरे, पॅड तर चांगल्या कंपनीचे होते!” तो म्हणाला, “सर, रबर चांगलं हाय का वाईट, हे मले इचारू नोका. रिम कोन्ती हाय, ते सांगा पह्यले.”

आजच्या व्याख्यानाचं सार या एका वाक्यात आहे. पण का, ते समजून घेऊ.

ब्रेक लावला की नेमकं काय होतं? आपण म्हणतो, सायकल थांबली. पण गती कुठे जाते? ती उष्णतेत बदलते. ही उष्णता किती, याचा हिशोब शाळेतल्या गणितानं करता येतो. चिखलदरा साधारण ११०० मीटर उंचीवर आहे. परतवाड्यापर्यंत उतरताना आपण सुमारे ७०० मीटर खाली येतो. स्वार, सायकल, पाण्याच्या बाटल्या मिळून ८५ किलो धरा. ८५ गुणिले ९.८ गुणिले ७०० म्हणजे जवळपास ५८३ किलोज्यूल ऊर्जा. ३० अंशांचं दोन लिटर पाणी उकळीपर्यंत न्यायला एवढीच ऊर्जा लागते. म्हणजे चहाचं मोठं पातेलं! यातला काही भाग हवेचा विरोध आणि टायर खाऊन टाकतात. उरलेला सगळा बोटाएवढ्या चार पॅडमधून आणि दोन रिमच्या काठांमधून बाहेर पडायला हवा.

आता रिम कशाची आहे, हा प्रश्न येतो. माझ्या लहानपणी चोवीस इंची काळी सायकल असायची, दांड्याचा ब्रेक, चकचकीत पोलादी रिम. उन्हाळ्यात ब्रेक झकास लागायचा, पावसात मात्र नुसता नावाला. ओल्या पोलादावर रबर घसरायचं आणि आम्ही चप्पल घासत थांबायचो. मग ॲल्युमिनियमच्या रिम आल्या. ओल्यातही त्या बऱ्या चालतात आणि त्यांचा मोठा गुण म्हणजे उष्णता झपाट्यानं पसरवतात. पॅडजवळ तापलेली जागा क्षणात उरलेल्या रिमला उष्णता वाटून टाकते, आणि फिरतं चाक ती हवेला देतं.

कार्बनचं चाक म्हणजे काय? कार्बनच्या बारीक तंतूंचं कापड, थरावर थर, आणि ते धरून ठेवणारी राळ, म्हणजे रेझिन. वजनाला हलकं, ताकदीला जबर. पण उष्णतेच्या बाबतीत कंजूष. थरांच्या जाडीच्या दिशेनं पाहिलं तर ॲल्युमिनियम तिच्यापेक्षा शंभराहून जास्त पट उष्णता वाहून नेतं. म्हणून कार्बनच्या रिमवर उष्णता जिथे निर्माण होते तिथेच, वरच्या कातडीत, साठते. तंतूंना त्याचं काही वाटत नाही, राळेला वाटतं. साधारण राळ दीडशे-पावणेदोनशे अंशांच्या आसपास मऊ पडू लागते. खास बनवलेली राळ दोनशेच्या वर टिकते. ॲल्युमिनियम वितळायला ६६० अंश लागतात, हे तुलनेसाठी लक्षात ठेवा. राळ मऊ झाली की आतून टायरची हवा रिमच्या काठांना बाहेर ढकलते. काठ फुगतो, थर सुटतात, ट्यूब फुटते.

म्हणून कार्बनसाठी पॅड वेगळा लागतो. त्याचं मिश्रण असं असतं की ते कमी उष्णतेत काम करतं, तापलं तरी वितळून रिमला चिकटत नाही आणि पृष्ठभाग ओरबाडत नाही. सुरुवातीच्या काळात यासाठी चक्क कॉर्क वापरलं, बाटलीच्या बुचाचं असतं तेच. पुढे खास रबराची मिश्रणं आली. ॲल्युमिनियमच्या पॅडमध्ये मात्र अनेकदा थोडी खरड घालणारी द्रव्यं असतात. त्या धातूवर ती उपयोगी, कार्बनवर घातक.

आता निवड कशी करायची, ते क्रमानं सांगतो. तरुण मंडळींनी लिहून घ्या.

पहिलं, चाक बनवणाऱ्यानं कोणता पॅड सांगितला आहे ते शोधा आणि तोच घ्या. प्रत्येकाची राळ वेगळी, काठावरचं काम वेगळं. काहींच्या काठावर बारीक खाचा असतात, पाण्यात पकड राहावी म्हणून. त्यांना ठरलेलाच पॅड लागतो. बऱ्याच कंपन्या दुसरा पॅड वापरला तर हमी देत नाहीत.

दुसरं, रंगावर जाऊ नका. रेनॉल्ड्सचा निळा ‘क्रायो ब्लू’ कार्बनसाठी आहे आणि स्विसस्टॉपचा निळा ‘बीएक्सपी’ ॲल्युमिनियमसाठी! पाकिटावर ‘कार्बन’ हा शब्द वाचा.

तिसरं, आणि इथेच माझी चूक झाली. ॲल्युमिनियमवर वापरलेला पॅड कार्बनवर कधीही लावू नका, तो कार्बनसाठीचा असला तरीसुद्धा. वापरात रिमचे बारीक धातूकण पॅडमध्ये रुततात. डोळ्यांना ते चमकीसारखे दिसतात. ते कार्बनवर कानसीसारखे चालतात. दोन प्रकारची चाकं असतील तर पॅडचे दोन संच ठेवा, डब्यांवर नावं घाला. आपल्याकडे लोणच्याचा चमचा आणि दुधाचा चमचा वेगळा असतो ना, तसं.

चौथं, पॅड बसवण्याची दिशा. बुटासारख्या धातूच्या खाचेत पॅड सरकवतात. त्या खाचेचं बंद टोक पुढे आणि उघडं टोक मागे असायला हवं. ब्रेक लागला की चाक पॅडला पुढे ओढतं. उलटं बसवलं तर जोराच्या ब्रेकला पॅड निसटून बाहेर पडतो. आणि घेताना खाचेचा आकार पाहा. शिमानो आणि श्रॅमला एक आकार चालतो, कॅम्पानोलोचा वेगळा.

पाचवं, पॅड रिमवर बरोबर काठाच्या पट्टीत बसला पाहिजे, टायरला लागता कामा नये. पुढचं टोक मागच्यापेक्षा अर्धा-एक मिलिमीटर आधी टेकेल असं ठेवलं तर किंचाळणं कमी होतं.

एवढं केलं तरी निम्मं काम हातांचं आहे. भित्रा माणूस उतारावर ब्रेक चिमटीत धरून ठेवतो. ना धड हळू, ना धड वेगात, आणि रिमला निवायला उसंत नाही. कार्बनला हेच मानवत नाही. वळणाआधी दोन्ही ब्रेक ठामपणे लावा, वेग कमी करा आणि सोडून द्या. हवेला तिचं काम करू द्या. पावसात कार्बनवर ब्रेक क्षणभर उशिरा लागतो, आधी पाणी पुसलं जावं लागतं. म्हणून आधी हलका स्पर्श, मग दाब. आणि जळका वास आला तर थांबा. थांबण्यात कसली लाज?

आता थोडं माझ्या विषयाकडे येतो, नाहीतर म्हणाल सर रिटायर झाल्यावर मेकॅनिक झाले.

आपल्या वैशेषिकांनी ‘संयोग’ हा एक गुण मानला आहे. त्याची गंमत अशी की रंग, रूप एकेका वस्तूत राहतं, पण संयोग एका वस्तूत राहूच शकत नाही. तो एकाच वेळी दोन द्रव्यांत राहतो. ब्रेक लागणं हा अशा संयोगाचा मामला आहे. तो पॅडमध्ये नाही, रिममध्येही नाही. मी नातीला ‘चांगले आहेत ना?’ असं विचारलं, तेव्हा दोघांत राहणारी गोष्ट मी एकात शोधत होतो. सायकलवाल्यानं वैशेषिक सूत्रं वाचलेली नाहीत, पण त्याला हे ठाऊक होतं.

दुसरी गोष्ट जास्त बोचते. नैयायिक ‘शब्द’ हे प्रमाण मानतात, पण तो आप्ताचा शब्द हवा. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. ज्याला ती गोष्ट नीट ठाऊक आहे आणि जो ती आहे तशी सांगतो, तो आप्त. मी वर्गात हे किती वर्षं शिकवलं! आणि घरात, केवळ आजोबा म्हणून, न जाणता बोललो. नातीनं माझ्या शब्दावर भरवसा ठेवला. ब्रेकच्या बाबतीत आप्त होता तो सायकलवाला, आणि चाकाबरोबर येणारं माहितीपत्रक. आपल्या घरात मोठ्यांना कुणी उलट विचारत नाही, म्हणून मोठ्यांनी ‘मला माहीत नाही’ म्हणायला शिकलं पाहिजे. हे मी सत्तरी ओलांडल्यावर शिकलो.

आणखी एक. हेच चुकीचे पॅड घेऊन ती वाशीम ते मंगरूळपीर आरामात जाऊन आली होती. त्या रस्त्यावर चिखलदऱ्यासारखा लांब उतार नाही. चूक होती, पण तिची परीक्षा झाली नव्हती. ‘आजवर काही झालं नाही’ हा पुरावा फार कच्चा असतो, मंडळी.

(यानंतर श्रोत्यांचे प्रश्न झाले. त्यातले दोन.)

प्रश्न : सर, डिस्क ब्रेक घेतला की ही भानगड मिटते ना?

उत्तर : रिमपुरती मिटते. डिस्कमध्ये उष्णता चाकाच्या मधल्या पोलादी तबकडीत जाते, राळेचा संबंध राहत नाही. २०१८ पासून जागतिक संघटनेनं रस्त्याच्या शर्यतींत डिस्कला कायमची मुभा दिली आणि बाजार तिकडे वळला. म्हणून तर रिम-ब्रेकची कार्बन चाकं जुन्या बाजारात स्वस्त झाली. पण तिथेही राळेचे पॅड वेगळे, धातूचे वेगळे, आणि काही तबकड्यांवर ‘फक्त राळेचे पॅड’ असं लिहिलेलं असतं. प्रश्न तोच, कशावर लागणार आहे?

प्रश्न : जुनी कार्बनची चाकं घ्यावीत का?

उत्तर : घ्या, पण काठावरून बोट फिरवा. फुगवटा, लाट, सुटलेला थर, खोल ओरखडा यातलं काही जाणवलं तर घेऊ नका. काठ टायरशिवाय पाहायला मिळाला तर उत्तम. आणि नव्या पॅडचे पैसे चाकाच्याच किमतीत धरा. पॅडवरची खाच बुजत आली, किंवा वर काचेसारखी चकाकी आली, की तपासा. पॅड हलकेच घासता येतो, पण रिमला पॉलिश पेपर कधी लावू नका.

नात पुन्हा सायकल चालवते आहे, ॲल्युमिनियमच्या चाकांवर. परवा तिनं फोनवर विचारलं, “आजोबा, साखळीला कोणतं तेल घालू?” मी म्हटलं, “बेटा, मला माहीत नाही. सायकलवाल्याला विचारून सांगतो.”